पापड-कुरडईच्या मधली सुपली

मित्रांनो, हसणार नसाल तर सांगते. मी एक जुनी सुपली आहे. केर भरायची सुपली. कोणी मला सुपडी म्हणतं, कोणी केरभरणी, आणि आमच्या घरची उन्नती मला डस्टपॅन म्हणायची. नावं भरपूर मिळाली, मान मात्र मिळाला नाही. लक्ष्मीपूजनाला झाडूला हळदकुंकू वाहतात, त्याच्यापुढे हात जोडतात. झाडू पाटावर आणि मी दाराआड! अरे, झाडू नुसता इकडचा केर तिकडे ढकलतो. उचलतं कोण? पण असो. मी तक्रार करायला बसलेली नाही. मी माझी कहाणी सांगायला बसले आहे, आणि त्यात तक्रारी आपोआप येतील.

माझा जन्म उल्हासनगरचा. पत्र्याच्या एका शेडमध्ये फुटक्या बादल्या, मोडक्या खुर्च्या आणि झाकण हरवलेले डबे वितळवून आम्हां बहिणींना साच्यात ओतलं. त्यामुळे माझा रंग ना धड हिरवा, ना धड निळा. माझ्यात किती घरच्या बादल्या आहेत, हे मलाही ठाऊक नाही. बाजारातला शेठ मात्र छातीवर हात ठेवून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "साईं, फर्स्ट क्वालिटी माल है!"

एके दिवशी बदलापूरच्या द्रौपदीबाई बाजारात आल्या. त्यांनी मला उलटंसुलटं केलं आणि माझी पुढची कड अंगठ्याने दाबून पाहिली.

"इसका ओठ बराबर नहीं है, भैया. कचरा नीचे से निकल जाएगा."

"अरे बहनजी, ओठ देखो तो सही! आपकी बेटी ससुराल जाएगी, तब भी यही सुपडी चलेगी."

"बेटी नोकरी करेगी," द्रौपदीबाई ठसक्यात म्हणाल्या आणि भाव पाडून मला पिशवीत टाकलं. त्या दिवशी मला कळलं, की मला ओठ आहे.

मी हेंद्रेपाड्यातल्या घरी आले. घरात द्रौपदीबाई, त्यांची मुलगी उन्नती आणि यजमान शंकरराव. शंकरराव अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. पुढे ते कारखान्यातून निवृत्त झाले, सुपरवायझरकीतून झाले नाहीत. दूध उतू गेलं तर ते पातेल्याला जाब विचारायचे. केर काढताना मागे उभे राहून, "तो कोपरा राहिला," असं सांगायचे. सांगायचे फक्त. मला हात कधी लावायचे नाहीत.

कित्येक वर्षं माझ्या वाट्याला साधा केर होता. भाजीची देठं, शेंगांची टरफलं, उन्नतीचे गळलेले केस. मग एका उन्हाळ्यात उन्नती मैत्रिणीकडून पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन ससे घेऊन आली. एक पांढराशुभ्र आणि बसला की जमिनीला चपटा. दुसरी तपकिरी आणि कुरळ्या केसांची. त्या दिवशी द्रौपदीबाईंचं गच्चीत वाळवण चाललं होतं, त्यामुळे नावं शोधायला लांब जावं लागलं नाही. तो पापड झाला आणि ती कुरडई.

"हा काय प्राणी आहे?" शंकरराव म्हणाले. "भुंकत नाही, दूध देत नाही. घरात उपयोग काय याचा?"

उपयोग माझ्या मार्फत कळला. सशांच्या गोल, सुक्या लेंड्या माझ्यात भरल्या जायच्या. गुलाबाला याहून चांगलं खत नाही, असं कोणीतरी शंकररावांना सांगितलं आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला हातात घेतलं. दोन्ही हातांनी, देवाचं तबक धरावं तशी धरून त्यांनी मला गॅलरीत नेलं. खोटं कशाला बोलू? मला भरून आलं.

उन्नतीला बंगळुरूला नोकरी लागली आणि ससे इथेच राहिले. घर एकदम शांत झालं. द्रौपदीबाई काही दिवस चुकून तिच्याही वाटणीच्या भाकऱ्या थापायच्या. मग पापड त्यांच्या पायाशी येऊन निजू लागला. त्या भाजी निवडायला बसल्या की हा पायावर हनुवटी टेकून पसरायचा आणि त्या त्याच्याशी उन्नतीबद्दल बोलायच्या. कुरडई थोडी मानी होती. ती आपणहून कोणाकडे जायची नाही. पण पापड जिथे असेल तिथे ती असायचीच. दोघं एकमेकांना टेकूनच झोपायची. दोघांचीही लहानपणीच ऑपरेशनं झालेली होती, त्यामुळे पिल्लांची भानगड नव्हती. नुसती माया होती. असं जोडपं मी माणसांतही पाहिलं नाही. माझ्या घरच्या माणसांत तर नाहीच नाही.

मग पापडाचे दात वाढले. त्याचं खाणं सुटलं. उन्नतीने फोनवरून सगळी चौकशी केली आणि अंबरनाथच्या डॉक्टर ऋता यांचं नाव दिलं. शंकरराव पापडाला रिक्षात मांडीवर घेऊन गेले. डॉक्टरांनी दात कापून सारखे केले आणि संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवून घेतलं. दिवसभर कुरडई दारापाशी बसून होती.

द्रौपदीबाईंकडे एक रीत होती. दवाखान्यातून जो येईल त्याला दारातच थांबवायचं, मीठमोहऱ्या ओवाळून टाकायच्या, मग आत घेऊन अंगाला वेखंडाची पूड चोळायची आणि ओव्याची धुरी द्यायची. उन्नती तान्ही असताना रोजच्या अंघोळीनंतर हेच व्हायचं. वेखंडाचा तो डबा त्यांनी अजून जपला होता. पापड तर दवाखान्यातून आलेला, त्यातही लाडका. द्रौपदीबाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि बाळाला माखावं तसं वेखंडाने माखलं. पापडाचा अनारसा झाला.

त्याला खाली ठेवणार, एवढ्यात शंकरराव शिंकले. त्यांची शिंक साधी नसते. तिने भांडी वाजतात.

"शिंकलात?" द्रौपदीबाई म्हणाल्या. "आजारी जीव घरात घेताना शिंकलात तुमी?"

"शिंक काय अर्ज करून येते?"

एवढ्यात खाली ठेवलेल्या पापडाजवळ कुरडई आली. तिने नाक हलवलं. पुन्हा हलवलं. कान मागे पाडले. आणि मित्रांनो, मग जे झालं ते मी दाराआडून पाहिलं तरी माझा ओठ थरथरला. तिने झेप घेऊन पापडाला धरलं. दोघं भिंगरीसारखी गरगरली, पांढऱ्या आणि तपकिरी केसांचे पुंजके पंख्यापर्यंत उडाले. द्रौपदीबाईंनी "अगं बाय बाय!" करत मध्ये हात घातला आणि अंगठ्याला चावा घेऊन काढला.

शंकररावांनी इकडेतिकडे पाहिलं. झाडू जवळच होता, पण त्यांनी झाडू घेतला नाही. हे लक्षात ठेवा. त्यांनी मला घेतलं आणि दोघांच्या मधोमध सरळ खाली रोवलं. कुरडई मला चावली, पापड माझ्यामागे लपला. माझ्या जन्माचं सार्थक झालं.

त्या दिवसापासून माझी जागा बदलली. मी दाराआडून निघाले आणि टीव्हीशेजारी उभी राहिले, एकदम तयारीत. कारण हे एकदाच होऊन थांबलं नाही. मधले काही दिवस सगळं सुरळीत जायचं, शेजारी शेजारी बसून दोघं कोथिंबीर खायची, आणि मग पुन्हा एक दिवस शंकरराव शिंकायचे आणि भांडण पेटायचं. बारीक कुरबुर असो की मोठं भांडण, ते सुटलं की पापड द्रौपदीबाईंच्या मांडीवर जायचा. त्याच्या ओरखड्यांना हळद लागायची, अंगाला वेखंड लागायचं. "माझा बाबू तो, माझा सोनू तो," असं कौतुक व्हायचं. कुरडईकडे कोणी बघायचं नाही. बघितलंच तर द्रौपदीबाई तिला "कैदाशीण मेली" म्हणायच्या.

शंकररावांनी तिची रीतसर चौकशी केली. तिच्यासमोर खुर्ची टाकून ते बसले.

"बोल. काय तक्रार आहे तुझी? त्याने काय केलं? जबाब दे."

कुरडईने मागचा पाय जमिनीवर आपटला.

"उद्धट उत्तर," असा शेरा मारून त्यांनी तिला बाथरूममध्ये सस्पेंड केलं. तिथे तिने त्यांच्या दाढीचा ब्रश खाल्ला. मग कपडे वाळत घालायचा स्टँड हॉलमध्ये आडवा टाकून दोघांच्या खोल्या वेगळ्या झाल्या. सुटका झाली की कुरडई सगळ्यांत आधी दारापाशी जाऊन बसायची आणि बराच वेळ तिथून हलायची नाही. आम्हांला वाटायचं, जिंकल्याचा तोरा मिरवते आहे.

इकडे द्रौपदीबाईंचं मत पक्कं झालं होतं. भांडणाचं कारण शिंक. दर वेळी आधी शिंक आणि मागोमाग भांडण, असंच घडत आलं होतं. मलाही ते पटलं होतं. मी तरी काय करणार? माझं शिक्षण एका शेडमध्ये झालं आहे. शंकररावांवर घरात शिंकायची बंदी आली. शिंक आली की ते नाक दाबून जिना उतरायचे, खाली वॉचमनच्या खुर्चीशेजारी शिंकायचे आणि वर यायचे. वर येईपर्यंत भांडण झालेलं असायचं.

"पण मी तर खाली शिंकलो!"

"खाली तर खाली. शिंकलात ना?"

यावर नवराबायकोचं जुंपायचं आणि सशांचं सोडून आम्ही, म्हणजे मी आणि टीव्ही, या दोघांचं भांडण ऐकायचो. तिथे मला मध्ये घालायचं कोणाला सुचायचं नाही.

मग एकदा फार झालं. कुरडईने पापडाचा कान फाडला. पांढऱ्या कानावरून रक्त ओघळलं आणि द्रौपदीबाई रडू लागल्या. त्याच वेळी शंकररावांचा पुतण्या भूपेश चामटोलीहून वाडीची वांगी घेऊन आला होता. शंकररावांचं मूळ घर तिथलं. भूपेश मनाने चांगला, पण वाडीतल्या कोंबड्यांचे प्रश्न जसे सोडवायचा तसाच इथलाही सोडवायला गेला.

"काकी, रडतंस कशाला? येक मना दे. पापडाला मी नेतू. खुराड्याच्या बाजूला जाली मारतू, मजेत ऱ्हाईल तो."

"एकटा राहील रे तो," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"येकटा ऱ्हाईल, पन जिता ऱ्हाईल ना!"

पापड जायचं ठरलं. द्रौपदीबाई पापडाचा कान पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या. आधी लेक गेली, आता पायाशी झोपणारा हाही जाणार. आपण त्याला कुठे पाठवतो आहोत ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय देणार नाही, असं म्हणून त्या चामटोलीला राहायला गेल्या. जाताना मला उचलून शंकररावांच्या हातात दिलं.

"ही खाली ठेवायची नाय. आणि शिंकायचं नाय."

बाई घरात नव्हत्या ते दिवस मी विसरणार नाही. शंकरराव जेवताना मला मांडीवर ठेवायचे. दुपारी पेपर वाचताना काखेत धरायचे. आणि मित्रांनो, कोणी बघत नाहीसं पाहून ते स्टँडपलीकडे हात घालून पापडाच्या पाठीवरून हळूच बोट फिरवायचे. "जाशील ना रे तिकडे नीट?" असं विचारायचे. विचारताना त्यांचा आवाज सुपरवायझरचा नसायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा डोळा लागला. स्टँड नीट लावलेला नव्हता. मी त्यांच्या छातीवर पालथी पडलेली होते, त्यामुळे मला वळूनही पाहता येईना. मला नुसता कुरुमकुरुम असा आवाज ऐकू आला. शंकरराव दचकून उठले, मला उगारलं, आणि तसेच थांबले. पापड आणि कुरडई एकाच जुडीतली कोथिंबीर दोन टोकांकडून खात होती. खाऊन झाल्यावर एकमेकांना टेकून झोपली.

शंकररावांनी लगेच फोन लावला. "अगं, समेट झाला! पाठवू नको कोणाला!"

"शिंकलात का?"

"एकदाही नाही!"

"बघा!" द्रौपदीबाई तिकडून म्हणाल्या आणि आनंदाने रडल्या. शंकररावांनीही मान्य केलं, की दोष आपल्या नाकाचाच.

भूपेशच त्यांना टेम्पोतून घेऊन आला. सोबत पुठ्ठ्याचं भोकं पाडलेलं खोकंही होतं. नसला न्यायचा तर रिकामं नेतो, म्हणाला. द्रौपदीबाईंनी हातपाय धुतले आणि पापडाला मांडीवर घेतलं. "किती वाळलास रे! आणि आता समेट झालाय, कोणाची नजर नको लागायला," म्हणत त्यांनी वेखंडाचा डबा उघडला. धुरी धुमसू लागली. पापड पांढऱ्याचा आणखी पांढरा झाला.

शंकररावांनी नाक दाबलं. डोळे वटारले. त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. पण नाकापुढे सुपरवायझरचंही काही चालत नाही. ते शिंकले. भांडी वाजली. द्रौपदीबाईंनी पापडाला खाली ठेवलं होतं. कुरडई आनंदाने धावत आली, नाक हलवलं आणि झेप घेतली.

या वेळी शंकररावांनी मला घाईत तिरकी घातली. कुरडईचे दात माझ्या ओठात रुतले, तिने हिसडा दिला आणि माझ्या ओठाचा मोठा तुकडा मोडून पडला. भांडण सुटलं, पण मी कायमची फुटले.

"शिंकलात!" द्रौपदीबाई ओरडल्या. "एवढं सांगून शिंकलात! तुमच्या नाकापायी माझा बाबू चालला!"

"माझ्या नाकापायी? तू नव्हतीस तेव्हा एकदा तरी शिंकलो का मी? विचार या सुपलीला!"

मला साक्षीला बोलावलं, याचं फुटलेल्या अवस्थेतही समाधान वाटलं. भूपेशने दोघांकडे पाहून सुस्कारा सोडला. "काका, तुमी भांडा. मी याला भरतू," म्हणत त्याने पापडाला उचलून छातीशी धरलं. खोक्यापाशी वाकला. आणि भूपेशच शिंकला. एकदा, मग लागोपाठ, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आयला, काय फासलाय काकी याला? नाकात गेला माझ्या!"

द्रौपदीबाईंनी आपले तळहात बघितले. दोन्ही वेखंडाने पांढरे झाले होते. शंकरराव हळूहळू खुर्चीत बसले.

"हर्नियाच्या ऑपरेशनहून आलो होतो," ते म्हणाले, "तेव्हाही तू मला हेच चोळलं होतंस. टाके धरून शिंकत होतो मी. आठवतंय?"

डॉक्टर ऋतांना फोन लागला. शंकररावांनी स्पीकर चालू केला आणि शिंकेपासून सगळं सांगितलं. डॉक्टर आधी हसल्या, मग गंभीर झाल्या.

"काका, ससे एकमेकांना वासावरून ओळखतात. पहिल्या दिवशी त्याला दवाखान्याचा वास होता, वर तुम्ही वेखंड लावलंत. कुरडईच्या दृष्टीने घरात परका ससा शिरला. पुढे मधेच कधी धुसफूस झाली असेल, ती चालतेच जोडीत. पण दर वेळी त्याला एकट्याला घेऊन पूड लावलीत, तिनेच तुम्ही शिंकत होतात आणि तो पुन्हा परका होत होता. आणि ही पूड त्यांच्या नाकालाही वाईट."

"म्हंजे मीच मारवला त्याला?" द्रौपदीबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"काकू, तुम्ही मायेनेच केलंत. आता एवढं करा. थोडे दिवस दोघांना वेगळं ठेवा, पण एकमेकांना दिसतील असं. एकाच फडक्याने आधी एकाला पुसा, मग दुसऱ्याला. मग जिथे दोघंही कधी गेलेली नाहीत अशा जागी एकत्र सोडा. भांडलीच तर हात घालू नका, काहीतरी मध्ये धरा. आणि पुढच्या वेळी दात कापायला आणाल, तर दोघांनाही बरोबर आणा."

फोन बंद झाला. द्रौपदीबाई कुरडईकडे वळल्या. आणि कुरडई, भांडण सुटल्यावर दर वेळी जायची तशी, दारापाशी जाऊन बसली होती. मान वर करून बंद दाराकडे बघत होती.

"अहो," द्रौपदीबाई म्हणाल्या, "ही पापडाची वाट बघते. तो दवाखान्यातून अजून आलाच नाय, असं वाटतंय हिला."

मित्रांनो, मी निर्जीव आहे, मला अश्रू नाहीत. असते तर तेव्हा वाहिले असते. दर वेळी ती आपल्या घरातून एका परक्याला हाकलायची आणि आपल्या पापडाची वाट बघत दाराशी बसायची. आम्ही तिला कैदाशीण म्हणत होतो.

भूपेश म्हणाला, "मी रईवारी येतू. जमला तर जमला. नाय तर खोका हाय." तेवढ्या दिवसांत जमायला हवं होतं, नाहीतर पापड जाणारच होता. द्रौपदीबाईंनी आपल्या जुन्या सुती साडीचा एक तुकडा घेतला. ओल्या तुकड्याने पापडाच्या अंगावरचं सगळं वेखंड टिपून काढलं. मग तो वाळवून रोज आधी कुरडईला पुसायच्या, नंतर पापडाला, नंतर पुन्हा कुरडईला. कुरडईला मांडीवर घ्यायची त्यांना सवय नव्हती आणि तिलाही नव्हती. पहिल्या दिवशी दोघीही अवघडून बसल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी कुरडईने डोळे मिटले.

रविवारी भूपेश आला. ससे कधीच गेले नव्हते अशी घरात एकच जागा होती, शंकररावांची झोपायची खोली. तिथे सशांना सक्त मनाई होती. शंकररावांनी स्वतः दार उघडलं. "तात्पुरती परवानगी," असं म्हणाले.

दोघांना जमिनीवर सोडलं. शंकरराव मला हातात धरून गुडघ्यावर बसले. फुटलेल्या ओठाची मी, पण तयार होते. द्रौपदीबाईंना हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी त्यांनी ते मांडीखाली दाबून ठेवले, चुकून पापडाकडे जायला नकोत म्हणून. कुरडई पुढे आली. नाक हलवलं. पुन्हा हलवलं. पापड अंग चोरून जमिनीला चिकटला. घटका भरली असं मला वाटलं. आणि मग कुरडईने आपली मान खाली घातली, अगदी त्याच्या पायांपाशी, आणि तशीच थांबली. पापडाने फाटका कान हलवला, पुढे सरकला आणि तिचं कपाळ चाटू लागला.

त्याच क्षणी शंकररावांना शिंक आली. पलंगाखालची धूळ हो! त्या खोलीत मला कधी नेतच नाहीत. ते शिंकले. खिडकीची काच वाजली, भूपेशने खोकं टाकलं, द्रौपदीबाईंनी डोळे गच्च मिटले. दोन्ही सशांनी मान वर करून शंकररावांकडे पाहिलं. मग कुरडईने पुन्हा मान खाली घातली आणि पापडाने जिथे थांबला होता तिथून पुढे चाटायला सुरुवात केली.

भूपेश रिकामं खोकं घेऊन निघाला. द्रौपदीबाईंनी त्यात वेखंडाचा डबा घातला. "तुझ्या पोरीला लाव अंघोळीनंतर. थोडंच लाव," म्हणाल्या. मग त्या आत आल्या, कुरडईसमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाय गो, एकदा तरी मी तुला विचारायला हवं होतं."

आता नवीन सुपली आली आहे, चकचकीत निळी. तिच्यात एकाच घराची बादली असावी, बरीच गर्विष्ठ आहे. फुटक्या ओठातून केर गळतो, म्हणून माझ्याकडे ते काम उरलेलं नाही. पापड आणि कुरडई अजूनही अधूनमधून एकमेकांवर गुरगुरतात. जोडपं आहे, चालायचंच. तेवढ्यासाठी शंकररावांनी मला टीव्हीशेजारीच ठेवलं आहे.

जाता जाता एवढंच सांगते, मित्रांनो. तुमच्या घरचे दोन जीव भांडले तर मध्ये हात घालू नका, माझ्यासारखं काहीतरी घाला. आणि भांडण सुटलं की ज्याने मार खाल्ला त्याला जवळ घ्याच. त्याला सगळेच घेतात. पण ज्याने मारलं तोही कुठेतरी दाराशी जाऊन बसलेला असतो. त्याच्याजवळही जाऊन बसा, आणि तो कोणाची वाट बघतो आहे ते त्याला विचारा.